एकच ॲप की दोन?

माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकांनी घरबसल्या यादी पाठवावी, म्हणून त्यांना ॲप करून घ्यायचे आहे. त्यावरून संगणक शाखेतल्या मित्रांत दोन तट पडले. एकाच्या मते अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये आणि आयफोनसाठी स्विफ्टमध्ये अशी दोन स्वतंत्र ॲप्स हवीत. दुसरा म्हणतो, फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये एकदाच लिहा, दोन्हीकडे चालेल. मी वाणिज्य शाखेचा, तेव्हा खर्चाचा हिशेब माझ्या गळ्यात पडला.

खरे सांगायचे तर माझा कल पहिल्या मित्राकडे होता. आपल्याच अंकाचे पाहा ना! मराठी लेखाचा नुसता तर्जुमा कन्नड विभागात छापला, तर वाचक दुसऱ्या ओळीलाच तो ओळखतो. ज्या त्या भाषेत मुळातून लिहिलेल्याची गोडी वेगळीच असते.

मोठ्या कंपन्यांनाही हा अनुभव आला आहे. वेबच्या एकाच साच्यावर भिस्त ठेवलेल्या फेसबुकला २०१२ मध्ये आयफोनचे ॲप स्वतंत्रपणे नव्याने लिहावे लागले. गंमत अशी की, त्याच कंपनीने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुले केले! एअरबीएनबीने ते २०१६ मध्ये स्वीकारले आणि २०१८ मध्ये सोडत असल्याचे जाहीर केले. दोनाऐवजी तीन ठिकाणचा कोड सांभाळावा लागतो, हे त्यांचे एक कारण होते.

परंतु मामांचे दुकान म्हणजे एअरबीएनबी नव्हे. ॲपचा खर्च एकदा करून संपत नाही. फोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती दरवर्षी येते. ॲप्स दोन असली की दुरुस्तीही दोनदा आणि मजुरीही दोनदा. शिवाय गूगलची नोंदणी फी एकदाच २५ डॉलर, तर ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. मामांची आयफोनवाली गिऱ्हाइके बोटांवर मोजण्याइतकी. भारी खेळ किंवा कॅमेऱ्याची करामत असती, तर मी स्वतंत्र ॲपच सुचवले असते. इथे हवी फक्त यादी, भाव आणि पत्ता.

म्हणून माझे मत असे : फ्लटरमध्ये एकदाच लिहावे, आधी अँड्रॉइडवर आणावे, आयफोनचे मागाहून पाहावे. वाचलेला पैसा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही याद्या नीट करण्यावर खर्चावा. आत कोड कोणत्या भाषेत आहे, हे दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजी विचारणार नाहीत. कुणाला ‘साखर’ वाचता आली पाहिजे, कुणाला ‘सक्करे’. मुळातून लिहायचे ते तिथे!