दुनळीत रायफलची नळी, आणि आत जाणार लेथवाला पोरगा

मंडळी, स्पष्टच लिहितो. पवनेच्या काठावर विकेंडला येणाऱ्या एका साहेबांनी तळेगावच्या एका लेथवाल्या पोराला काम सांगितलंय. बारा बोअर दुनळीत सरकवता येईल अशी आतली नळी बनवायची, तीही आतून आटे पाडलेली. म्हणजे छर्ऱ्याची बंदूक रायफलची गोळी मारणार. मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ दाखवला, ॲडव्हान्सही काढला. पोरगा मला विचारतोय, "दादा, करू का?"

अजिबात नाही.

जर्मनीत शिकारी अशा नळ्या वापरतात, खरंय. पण तिथे नळी कारखान्यात बनते, दाबाची चाचणी होऊन शिक्का बसतो. इथे शाफ्टचं लोखंड घेऊन कोण चाचणी करणार? मोठ्या रायफलच्या काडतुसाचा दाब बारा बोअरच्या चार-पाच पट असतो. आजोबांच्या काळातली, मोडून भरायची दुनळी, तिचं कुलूप आधीच खिळखिळं. फुटली तर चाप ओढणाऱ्याच्या तोंडावरच फुटेल.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. परवान्याशिवाय एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदललं, तर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हत्याराचा सुटा भागसुद्धा या कायद्यात हत्यारच. "मी फक्त नळी टर्न केली" हे कोर्टात चालत नाही. साहेबांना मुंबईचा वकील मिळेल. पोराच्या शेडचं कर्ज कोण फेडणार? आणि परवान्यावर बारा बोअर लिहिलेलं असताना रायफलची काडतुसं कुठल्या दुकानातून आणणार, हे साहेबांनी सांगितलंय का?

"रानडुकरांसाठी हवीय" म्हणे. साहेबांचं लॉन आहे हो, भात नाही! इंद्रायणी पिकवणाऱ्याचा त्रास मला माहितीय, एका रात्रीत खाचर आडवं होतं. त्यालाही डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. शिवाय बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरवर गळून पडतात. साधी पॉइंट बावीसची गोळीही दीड किलोमीटर जाते. लोहगड-विसापूरच्या पायथ्याला शनिवार-रविवारी किती माणसं असतात, बघितलंय ना?

खऱ्या शेतकऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. नेमकं भात पिकायचं, कापायचं दिवस! आणि निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. कुणाची जमा करायची हे छाननी समितीने माणूस बघून ठरवायचं असतं, सरसकट नाही. पुढच्या निवडणुकीआधी ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा भातवाल्याची बंदूक त्याच्या घरी ठेवा, ही मागणी वडगावला तहसीलदारांकडे लेखी द्यायला मी तयार आहे. सातबारा आणि परवान्याची झेरॉक्स घेऊन या, नावं एकत्र करू.

पोराला मी सांगितलंय, ॲडव्हान्स परत कर.