६१७४

देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा एक नवलाचा गुण शोधून काढला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आरंभी शून्य आले तरी ते गाळू नये. बाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा केली असता फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते, आणि मग ती हलत नाही. कारण ७६४१ मधून १४६७ गेले की ६१७४च उरतात. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५. त्यापासून आरंभ केल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि बरोबर सातव्या खेपेस ६१७४!

हा निव्वळ अंकांचा खेळ, असे म्हणून काही विद्वान नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. हा गुण दशमान लेखनावर अवलंबून आहे. दुसऱ्या पद्धतीने संख्या लिहिल्यास ६१७४चे हे वैभव उरत नाही. तरीही खेळ म्हणून त्यास हिणवणे योग्य नव्हे. तीन अंकी संख्यांत हा मान ४९५ला मिळतो. दोन अंकी संख्यांत तो कोणालाच नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशी फेरी चालते. हा भेद का पडावा? नऊने भाग जाणाऱ्या या बाक्या पाहून ज्याला हा प्रश्न पडला, तो गणितच करीत आहे. पाच अंकांचे काय होते, हे पाहण्यास कागद, पेन्सिल आणि एक मोकळी दुपार पुरते.