पेला आणि सिगारेट

डोंबिवलीहून रोज जलद लोकलने मुंबई गाठणाऱ्या ज्या चाकरमान्याने सिगारेट सोडण्याचा निश्चय आठवडाभर निष्ठेने पाळला, त्याचा तो निश्चय शनिवारी रात्री कल्याण-शीळ रस्त्यावरील एखाद्या बारमध्ये, दुसऱ्या पेल्यानंतर मित्राने पाकीट पुढे करताच ढासळतो. कारण मद्याने संयम सैल पडतो आणि पेला व सिगारेट यांचे साहचर्य वर्षानुवर्षांच्या सवयीने मनात दृढ झालेले असते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आणि २०१६ साली सुरू झालेली मोबाइल-संदेशांची सरकारी योजना, ही तजवीज खचितच स्तुत्य आहे. परंतु पहिल्याच संभाषणात मद्याचीही चौकशी व्हावी, आणि धीराचा संदेश सोमवारी सकाळी नव्हे तर मोहाच्या ऐन घटकेस, शनिवारी सायंकाळी यावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. जोखमीचे मद्यपान करणाऱ्यांना मोबाइलवरील संदेशांद्वारे साहाय्य देण्याचे काम गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने केलेच आहे. मात्र रोज अतोनात पिणाऱ्याने मद्य एकाएकी तोडल्यास कंप, आकडी, प्रसंगी प्राणसंकटही ओढवते. अशा माणसाला केवळ मोबाइल-संदेशांच्या हवाली न करता तत्काळ डॉक्टरांकडे धाडले पाहिजे.