रंग काढण्याआधी



मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. दिवाळीची साफसफाई करताना त्यांना माळ्यावरच्या ट्रंकेत आगगाडीचं एक छोटंसं, पण हाताला चांगलं जड लागणारं इंजिन सापडलं. सासरे साठ वर्षांपूर्वी शिक्षणासाठी विलायतेला गेले होते, त्यांनी आणलेलं. "रंग ठिकठिकाणी उडालाय. ऑइलपेंटचा एक हात मारून मुलाला खेळायला द्यावं, की विकावं? तुम्ही तिकडेच राहता म्हणून विचारते," असं त्या लिहितात.

ताई, आधी तो ब्रश खाली ठेवा आणि माझी फजिती ऐका. मग काय ते ठरवा.

आम्ही राहतो ते इंग्लंडमधलं क्रू नावाचं गाव रेल्वेचंच. आपल्याकडे भुसावळ म्हटलं की रेल्वे, तसं इथे क्रू. इथल्या कारखान्यातून वाफेचं शेवटचं नवं इंजिन डिसेंबर १९५८ मध्ये बाहेर पडलं. आमच्या शेजारच्या आजींचे यजमान त्या वेळी तिथे फिटर होते. इथे लहानथोर सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण ऐंशी वर्षांच्या बाईला नावाने हाक मारणं काही माझ्या जिभेला जमलं नाही. मी त्यांना 'आजी'च म्हणते, आणि त्यांनाही ते आवडतं.

आजोबा २०२१ मध्ये गेले. मागे माळ्यावर २३ इंजिनं ठेवून गेले, सगळी तळहातावर मावणारी. पुढच्या वर्षी इथे गॅस आणि विजेचे दर असे काही भडकले की आजी एकाच खोलीत शेगडी लावून बसू लागल्या. एका दुकानदाराने सगळ्या इंजिनांचे मिळून ३०० पौंड देऊ केले. आजी माझ्याकडे आल्या. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीसाठी मी शाडूच्या छोट्या मूर्ती रंगवते, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. "तू एवढ्याशा देवाचे डोळे रंगवतेस. माझी इंजिनं नीट करून एकेक विकशील का?" आठवड्यातले तीन दिवस शाळा, शनिवारी मराठीचा वर्ग, घरात दोन मुलं. तरी मी हो म्हटलं. हे म्हणाले, "इंजिनातलं तुला काय कळतं?" काहीच कळत नव्हतं. शिकले.

थोडी माहिती देते, म्हणजे पुढचं समजेल. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं. १९२० पासून त्यांचा कारखाना चावीच्या आगगाड्या करू लागला, आणि १९३८ मध्ये 'हॉर्न्बी डब्लो' ही लहान मापाची गाडी आली. या मापाला इथे 'डबल ओ' म्हणतात, त्यावरून डब्लो. खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला इथे ४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्याच्या साधारण ७६वा भाग. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ट्राय-अँग ही दुसरी मोठी कंपनी, तिची इंजिनं बहुतेक प्लॅस्टिकची. १९६४ मध्ये हॉर्न्बींची कंपनी याच ट्राय-अँगच्या मालकांकडे गेली. लहानपणी ज्यांना ही इंजिनं मिळाली किंवा नुसती काचेतून पाहायला मिळाली, ती मंडळी आता सत्तरीत आहेत आणि हौसेने ती विकत घेतात. त्यामुळे जुन्या इंजिनांचा इथे मोठा बाजार आहे.

पहिलं इंजिन मी उचललं ते 'डचेस ऑफ अ‍ॅथॉल', किरमिजी रंगाचं. खरं डचेस १९३८ मध्ये याच क्रूच्या कारखान्यात बनलं होतं. कडांचा रंग उडालेला, सोनेरी रेघा पुसट झालेल्या. मला वाटलं, आधी हेच चकचकीत करू. रंग काढायचं औषध लावलं, सगळा जुना रंग उतरवला, अस्तर दिलं, नवा किरमिजी रंग दिला. आठ दिवस खपले. ह्यांनीसुद्धा "वा!" म्हटलं.

मग जुन्या खेळण्यांच्या बाजारात घेऊन गेले. असे बाजार इथे रविवारी शाळांच्या हॉलमध्ये भरतात. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मूळ रंग कुणी काढला?" मी अभिमानाने म्हटलं, "मी." त्याने मान हलवली. "बाई, आहे तसं आणलं असतंत तर ९० पौंड दिले असते. आता ४०."

त्या दिवशी मला कळलं की या वस्तूंत जुनेपणाचीच किंमत असते. कारखान्यात दिलेला रंग उडालेला असला तरी तो कारखान्याचा असतो. माझा रंग कितीही सुबक असला तरी तो माझा. आणि इंजिन माझं नव्हतं, आजींचं होतं.

घरी आल्यावर आजींना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पन्नास पौंडांचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते मी भरून देते." मनात होतं, त्या नको नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "बरं. महिन्याला दहा दे." मी पाच महिने दिले. दर वेळी चहा मिळाला, पण पैसेही घेतले गेले. तेव्हा जरा लागलं. पण हिशेब मिटल्यावर आमचं नातं मोकळं राहिलं, हे आता पटतं.

त्यानंतर मी आधी इंजिन चालतं करायला शिकले, रंगाला हात नंतर. निम्म्याहून अधिक इंजिनं बंद होती, पण बिघाड फार मोठा नव्हता. वर्षानुवर्षांचं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. तळाचा स्क्रू काढून वरचं कवच उचलायचं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन मोटारीचा तांब्याचा गोल भाग आणि चाकांच्या कडा काळं यायचं थांबेपर्यंत पुसायच्या. कार्बनचे ब्रश झिजले असतील तर नवे घालायचे, ते इथे अजून मिळतात. मग शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकावर घेऊन आसांना एकेक थेंब. जास्त तेल झालं तर इंजिन पुन्हा बंद पडलंच म्हणून समजा. इंजिन गरम होऊन हळूहळू चालत असेल तर आतलं लोहचुंबक दुबळं झालेलं असतं. त्याला पुन्हा जोर देणारे कारागीर आहेत.

बाहेरून साफ करायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश एवढं पुरे. मोटार अर्थात बाजूला काढून. अक्षरांवर आणि रेघांवर घासायचं नाही.

रंगवायचं फक्त तेच, ज्याचा मूळ रंग आधीच गेलेला आहे. असं एक इंजिन आजींकडे होतं. एल.एम.एस. कंपनीचं काळं, छोटं, आपल्याच अंगावर पाण्याची टाकी बाळगणारं. आजींच्या मुलाने लहानपणी ते घराच्या दाराच्या लाल रंगाने माखून ठेवलं होतं! "हे रंगव हवं तसं," आजी म्हणाल्या. "माझे वडील सदर्न रेल्वेत होते. सदर्नचा हिरवा दे." १९२३ ते १९४७ या काळात इथे चार मोठ्या रेल्वे कंपन्या होत्या, प्रत्येकीचा रंग निराळा. १ जानेवारी १९४८ ला त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. डब्लोचं हे छोटं इंजिन चारही कंपन्यांच्या रंगांत निघालं होतं, आणि त्यांत सदर्नचं सर्वांत दुर्मीळ. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

काम मन लावून केलं. लाल रंग काढला, राखाडी अस्तर दिलं, मग हिरव्या रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस वाळवण. धूळ बसू नये म्हणून वर खोका पालथा. अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायच्या चिकटचित्रांची मिळतात. ती टिकलीसारखी अलगद बसवली, वर व्हार्निशचा हात. आजोबांची रीत अशी होती की दुरुस्त केलेल्या प्रत्येक इंजिनाच्या कवचात आतल्या बाजूने सुईने तारीख कोरायची. आजींनी माझ्याकडूनही कोरून घेतलं: 'पुन्हा रंगवले, मे २०२३'.

बाजारात एका माणसाने ते पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. मी सांगितलं, रंग माझा आहे. तो हळूच म्हणाला, "ते मला कळलं. पण कवचातलं एवढं खरवडून द्या आणि पावतीवर 'पुन्हा रंगवले' लिहू नका. १२० पौंड देतो."

खोटं कशाला सांगू, माझा पाय घसरतच होता. डचेसमध्ये घालवलेलं भरून निघणार होतं, वर आजींचं गॅसचं बिल सुटणार होतं. आणि खोटं मी बोलणार नव्हते, नुसती गप्प बसणार होते. पण वस्तू आजींची, म्हणून फोन केला. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढे तो ते कोणाला विकेल?" बस, एवढंच. कोणी माझ्या वडिलांच्या वयाचा गृहस्थ आपल्या पेन्शनचे दोन-तीनशे पौंड देऊन माझा रंग मूळचा म्हणून घरी नेणार, आणि मी त्यात भागीदार. मी इंजिन पुन्हा खोक्यात ठेवलं.

पुढे ते ईबेवर ५२ पौंडांना गेलं. 'पुन्हा रंगवलेले, आत तसे कोरलेले' हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आतला फोटोही दिला होता. घेणाऱ्याने कळवलं की एवढं स्पष्ट लिहिलं म्हणूनच घेतलं, आणि तुमच्याकडची आणखी दोन इंजिनंही दाखवा.

दीड वर्षात १९ इंजिनं विकली. टपाल आणि ईबेचा खर्च वजा जाता आजींच्या हाती १,१३० पौंड आले. चार त्यांनी ठेवून घेतली. मी आता अधूनमधून एखादं मोडकं इंजिन स्वतः विकत घेते, दुरुस्त करते, विकते. घरातली जुनी वस्तू विकणं वेगळं आणि विकण्यासाठी विकत घेणं वेगळं. दुसरा प्रकार हा धंदा झाला, त्याची वही ठेवावी लागते. इथे अशा जमेचे वर्षाला पहिले १,००० पौंड करमुक्त आहेत. माझी वही अजून त्याच्या आतच आहे. पण माझ्या हातची मिळकत आहे, त्याचं सुख वेगळंच.

आता मिरजेच्या ताईंसाठी, आणि ज्यांच्या माळ्यावर असं काही असेल त्या सर्वांसाठी, थोडक्यात:

१. इंजिन घरातल्या विजेच्या प्लगला कधीही जोडू नका. ते १२ व्होल्ट डी.सी.वर चालतं. योग्य कंट्रोलर मिळेपर्यंत बंदच राहू द्या.

२. जुन्या रंगात शिसं असू शकतं. लहान मुलाच्या हाती देऊ नका. कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, ती धूळ नाकातोंडात जाते. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको आणि त्यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात नको.

३. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचं औषध लावू नका. कवच लोखंडी नसून जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, ते खाल्लं जाईल.

४. धातू फुगलाय, बारीक तडे गेलेत का पाहा. ओतताना धातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर तो वर्षांनी आपोआप भुगा होतो. त्याला इलाज नाही. विकताना हे सांगायलाच हवं.

५. मधला तिसरा रूळ असलेले रूळ सोबत आहेत का पाहा. डब्लोच्या गाड्या १९५९ पर्यंत तशाच रुळांवर चालत. दोन रुळांवर ते इंजिन चालणार नाही, म्हणून घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे.

६. पुठ्ठ्याचा मूळ खोका, सूचनांचा कागद, काही टाकू नका. खोक्यामुळे किंमत चांगलीच वाढते.

७. विकायचंच ठरलं तर चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो काढा. दोष आधी लिहा, गुण मागाहून.

पण ताई, विकण्याची घाई करू नका. सासरे असतील तर आधी त्यांना विचारा की हे कुठून आणलं, कोणासाठी आणलं. ते नसतील तर सासूबाईंना विचारा. आणि मुलाला आगगाडीचं वेड असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एकदा घेऊन जा. एवढ्याशा गाड्या धावताना पाहिल्या की ट्रंकेतल्या इंजिनाकडे तोही वेगळ्या नजरेने पाहील.

हीच गोष्ट आपल्याकडच्या इतर वस्तूंनाही लागू आहे. आजेसासूबाईंचं पायाचं शिवणयंत्र, जुना रेडिओ, पितळी समई. चकाकी आणण्याच्या भरात जे खरवडलं जातं ते परत येत नाही. माझं डचेस विकलं गेलं नाही, ते आजींच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे आले की त्या कौतुकाने दाखवतात आणि लगेच सांगतात, "रंग मात्र हिचा हं!"