दुसऱ्या आठवड्यातील वैरी

मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा फुटून रक्तस्राव झाला, शस्त्रक्रियेने तो फुगा बंद करण्यात आला आणि रुग्ण शुद्धीवर आला, म्हणजे संकट टळले अशी आप्तांची समजूत होते. वस्तुतः दुसरे संकट त्यानंतरच येते. साधारणतः तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, सांडलेल्या रक्ताच्या विघटनामुळे मेंदूच्या धमन्या आकुंचन पावतात. रक्तपुरवठा तुटला, तर मृत्यूच्या दारातून परतलेला रुग्ण पक्षाघाताने कायमचा पंगू होतो.

हे आकुंचन ओळखण्याची साधने आहेत. धमनीत द्रव्य सोडून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली सिद्ध केली. आजही तिचा निर्वाळा प्रमाण मानला जातो. पण ती रोज करता येत नाही. १९८२ साली रून आस्लिड यांनी कवटीवरून ध्वनिलहरी सोडून धमनीतील रक्ताचा वेग मोजून दाखविला. धमनी अरुंद झाली, की रक्त तिच्यातून अधिक वेगाने धावते, हे त्यामागील साधे तत्त्व. मेंदूच्या मधल्या धमनीतील सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला, तर शंका घ्यावी. २०० च्या वर गेला, तर आकुंचन तीव्र समजावे. ही तपासणी खाटेपाशी, रोज, सुईवाचून होते.

तथापि यंत्राचा आकडा म्हणजे निदान नव्हे. तापाने किंवा रक्तक्षयानेही वेग वाढतो. काहींच्या कवटीचे हाड ध्वनिलहरींना वाटच देत नाही. उलट, रुग्णाची ग्लानी मेंदूत पाणी साचल्याने किंवा रक्तातील सोडियम घटल्यानेही असू शकते. म्हणून सकाळी नीट बोलणारा रुग्ण दुपारी अडखळू लागला, त्याचा एक हात किंचित ढिला पडला, हे वेळीच टिपणारी नजर हवी. ती नजर बहुधा परिचारिकेची असते.

सार्वजनिक रुग्णालयांत यंत्रखरेदीची चर्चा मोठ्या हिरिरीने होते. ती व्हावीही. परंतु ते यंत्र रोज चालविणारा प्रशिक्षित हात आणि रात्रीही तासातासाला रुग्णाला हाक मारून पाहणारी परिचारिका यांची पदे भरली नाहीत, तर यंत्र कपाटातच राहील. शस्त्रक्रियेने वाचविलेला जीव दुसऱ्या आठवड्यात केवळ दुर्लक्षाने गमावणे, यासारखा दुसरा अपव्यय नाही.