दिवाळीतील बंद दवाखाना आणि आत्ययिक रुग्ण

धनत्रयोदशीचे धन्वंतरीपूजन आटोपले की भाऊबीजेपर्यंत बहुतेक वैद्यांचे दवाखाने बंद असतात. वर्षभर राबणाऱ्या वैद्याने चार दिवस कुटुंबासमवेत घालवावेत, यास कोणाचीच हरकत नसावी. आमची हरकत दारावरील पाटीस आहे. 'दवाखाना सोमवारपर्यंत बंद राहील' एवढेच तीवर लिहिलेले असते. तोवर रुग्णाने कोठे जावे, याविषयी एक अक्षरही नसते.

फटाक्याने भाजणे, उकळते तेल अंगावर उडणे, धुराने श्वास वाढणे या गोष्टी उघड दिसतात. भाजल्या जागी तूप वा टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, हे एकदा सांगितले तरी पुरते. खरी फसवणूक करते ती छातीतील जळजळ. चकली-अनारशांनंतर छाती जळजळली म्हणजे अम्लपित्तच, असे रुग्ण मानतो आणि घरचेही मानतात. शेजारच्या औषधालयातून अविपत्तिकर चूर्णाची डबी येते आणि रात्र काढली जाते. जळजळीसोबत घाम सुटत असेल, दम लागत असेल, वेदना हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, तर चूर्णाआधी ई.सी.जी. हवा. मधुमेह्यास तर हृदयविकाराच्या झटक्यात वेदना जाणवेलच असे नाही. औषधालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बंधूंना ही लक्षणे पाठ असावीत, असा आमचा आग्रह आहे; सणात उघडे दार बहुधा त्यांचेच असते. पक्षाघाताचेही तेच. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेथे 'पाडवा झाल्यावर पाहू' हे उत्तर चालत नाही.

सुट्टीच्या दिवशी शासकीय रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असला, तरी आपत्कालीन विभाग चालू असतो. पुष्कळ रुग्ण केसपेपरची बंद खिडकी पाहूनच परततात. भाजलेल्या रुग्णास 'पोलीस केस' म्हणून दारातून परत पाठविण्याची सबबही आता टिकणारी नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली स्पष्ट केले, की तातडीचे उपचार देणे हे शासकीय वा खासगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे.

108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 साली सुरू झाली. त्या गाड्यांवर आपलेच कितीतरी बी.ए.एम.एस. बंधू-भगिनी काम करतात. त्यांची दिवाळी गाडीतच होते. आपल्या दारातून परतलेला रुग्ण अनेकदा त्यांच्याच हाती पोहोचतो, सोबत चिठ्ठी मात्र क्वचितच असते. रक्तदाब, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि दिलेली औषधे, त्यात रसौषधी असल्यास त्यांची नावेही, एवढे लिहावयास दोन मिनिटे लागतात.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत. आत्ययिक चिकित्सा हा आपला प्रांतच नव्हे, असे म्हणणाऱ्याने आपली गणना कोठे होईल हे स्वतःच पाहावे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुका शाखेने दिवाळीपूर्वी आठवडाभर आधी पाळीपत्रक करावे: कोणत्या दिवशी कोणता वैद्य उपलब्ध, कोणते औषधालय उघडे. जवळच्या रुग्णालयात त्या दिवसांत भूलतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत काय, हे दूरध्वनीवरून विचारून तेही नोंदवावे. धन्वंतरीपूजनास सारे जमतातच; तेथे प्रती वाटाव्यात आणि घरी जाताना प्रत्येकाने एकेक आपल्या शटरवर चिकटवावी.