मुद्दल राखून व्याज खावे

आमच्या लग्नाला येत्या डिसेंबरात चाळीस वर्षे पुरी होतील. त्यानिमित्त चिरंजीवांनी आम्हा उभयतांना एक सहल भेट द्यायचे ठरवले आणि तिचे माहितीपत्रक अंबडच्या घरी पाठवून दिले. गुळगुळीत कागद, पानभर रंगीत छायाचित्रे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाची अकरा दिवसांची सहल. निम्मे दिवस वर्षावनात, निम्मे समुद्रकिनाऱ्यावर. गट फक्त दहा जणांचा. राहायला आधी जंगलाकडे तोंड केलेल्या आलिशान खोल्या, मग समुद्राकडे तोंड केलेल्या. सोबत जाणकार वाटाड्या. शेवटच्या पानावरची किंमत वाचून सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात तर आपण हे घर घेतलं होतं." ते खरेच होते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यातली काही वर्षे इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत, लेथ मशीनसाठी आणि शेडसाठी कर्जे मंजूर करण्यात. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तरी कागद वाचायची जुनी खोड गेली नाही. कर्जाचा अर्ज हाती आला की त्यात काय लिहायचे राहिले आहे ते आधी शोधावे, असे मला पहिल्या मॅनेजरसाहेबांनी शिकवले होते. त्याच नजरेने मी हे पत्रक वाचले.

त्यात तीन आश्वासने होती. माणसे थोडी असतील, सोय उत्तम असेल आणि प्राणी 'हमखास' दिसतील. पहिल्या दोहोंबद्दल माझी तक्रार नाही. साठी उलटल्यावर गुडघ्यांना कमोड लागतो आणि पाठीला बरी गादी लागते, यात लाजण्यासारखे काही नाही. स्वतःच्या पैशाने माणसाने सुखात राहावे. तिसऱ्या आश्वासनापाशी मात्र मी अडलो, कारण तसलेच आश्वासन मी एकदा विकत घेतलेले आहे.

आंबोलीतली एक रात्र

चार वर्षांपूर्वी, जुलैत, मी नातवाला घेऊन आंबोलीला गेलो होतो. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. सावंतवाडी तालुक्यातले हे घाटमाथ्यावरचे गाव. पाऊस वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या घरात. आपल्या सह्याद्रीतले सदाहरित रान पाहायचे तर याहून चांगली जागा थोडीच. इथल्या सड्यांवर सापडणाऱ्या एका छोट्या भेकाची 'आंबोली टोड' या नावाने २००९ साली नवी जात म्हणून नोंद झाली. तो या परिसराखेरीज फारसा कुठे सापडत नाही. हिरण्यकेशीच्या देवळापाशी, नदीच्या उगमाजवळ, माशाची एक नवी जात सापडली आणि २०२० मध्ये तिला नदीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. देवाचे पाणी म्हणून गावाने जे पिढ्यान् पिढ्या राखले, त्याच पाण्यात हा मासा टिकून राहिला.

आमचा गट आठ जणांचा होता, निवास महागातला होता. धबधब्यापाशी दिवसा जी जत्रा भरते तिच्यापासून आम्ही पुष्कळ लांब होतो आणि मनातल्या मनात त्या जत्रेला नावेही ठेवत होतो. रात्री विजेऱ्या घेऊन निघालो. पाण्याच्या डबक्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे लोंबत होते. मादी फेस घुसळून त्यात अंडी घालते आणि पिल्ले तयार झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात. नातू तोंड उघडे ठेवून पाहत राहिला. माझ्या पैशाचे तिथेच चीज झाले होते.

पण पत्रकात चापडा साप 'हमखास' होता. तो सापडला. आठ मोबाइल एकाच वेळी पुढे झाले. साप पानाआड होता, म्हणून वाटाड्याने काठीने फांदी वाकवली. साप वळला, तशी पुन्हा वाकवली. मग एक बेडूक उचलून, चांगला दिसेल अशा पानावर मांडून ठेवला. बेडकाची कातडी श्वासही घेते. त्या हातांना डासांचे मलम लागलेले होते. नातवाने माझा सदरा ओढला. "आजोबा, त्याला नको असेल तर?"

मी काही बोललो नाही. वाटाडा भला पोरगा होता. प्राणी दिसला नाही तर बक्षिशी बुडते आणि वर तक्रार जाते, हे त्याला माहीत होते. काठी त्याच्या हातात होती, पण तिचे पैसे आम्ही दिले होते. आठ जणांपैकी एकानेही 'राहू दे' म्हटले असते तर त्याची सुटकाच झाली असती. ते म्हणण्याचे वय माझे होते. नऊ वर्षांच्या मुलाला जे उमगले त्यावर मी गप्प बसलो, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून 'छोटा गट' या शब्दाने मी हुरळून जात नाही. छोट्या गटाने गर्दी होत नाही, चिखल तुडवला जात नाही, आवाज कमी होतो, हे सारे खरे. पण धबधब्यावरची जत्रा निदान धबधब्यावरच थांबते. आठ जणांचा महागडा गट मात्र जिथे कोणी पोचत नाही तिथे पोचतो, आणि पैसे जास्त मोजलेले असतात म्हणून त्याचा हट्टही मोठा असतो.

नियम कोणाचा?

मग थोड्या माणसांची सहल चांगली कधी ठरते? जगात तिची नाव घेण्याजोगी उदाहरणे आहेत. रवांडात डोंगरी वर्षावनातले गोरिला पाहायला एका कुटुंबापाशी दिवसाला आठच माणसे सोडतात, तीही एका तासापुरती. २०१७ मध्ये परवान्याचे शुल्क माणशी दीड हजार डॉलर करण्यात आले. एवढे मोजणाऱ्या पाहुण्यालाही तास संपला की मागे फिरावे लागते.

चिरंजीवांनी निवडलेल्या कोस्टा रिकातही टॉर्टुगेरो नावाचा किनारा आहे. मागे वर्षावन, पुढे समुद्र. एके काळी तिथे कासवे मांसासाठी पकडली जात. १९५० च्या दशकात आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने तिथे अभ्यास सुरू केला आणि १९७५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. तिथे रात्री अंडी घालणारी कासवे पाहायला परवानाधारक वाटाड्याबरोबर छोट्या गटानेच जावे लागते आणि किनाऱ्यावर छायाचित्रे काढायला मनाई आहे. दोन्हीकडे मर्यादा घालणारा गिऱ्हाइकाच्या मर्जीबाहेरचा आहे. आमच्या माहितीपत्रकात कासवांची चित्रे भरपूर होती. छायाचित्रबंदीचा नियम मात्र लिहायचा राहिला होता.

पण यासाठी सातासमुद्रापार जायला नको. गेल्या मार्चमध्ये सौ., नातू आणि मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळासला जाऊन आलो. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि बाणकोटच्या किल्ल्यावरून खाली उतरलो. वेळास हे नाना फडणविसांचे गाव. एवढी ओळख मराठी माणसाला पूर्वी पुरत होती, आता ते कासवांचे गाव म्हणून अधिक ठाऊक आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्हीकुत्री उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. गावातली माणसे पहाटे किनारा चालतात, मादीच्या खुणांवरून अंडी शोधतात आणि कुंपणाआड तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवले.

वेळासला हॉटेल शोधत बसू नये, पाहुणे घरांतच उतरतात. आम्ही एका वहिनींकडे उतरलो. भात, आमटी, सोलकढी, वर उकडीचा मोदक. कमोड होता, पण परसात. सौ.ने त्याबद्दल दोन दिवस मला ऐकवले आणि तिचे चुकलेही नव्हते. मी सवयीने वहिनींना हिशेब विचारला. गेल्या हंगामाच्या पैशातून छपराचे काम झाले आणि मुलीची कॉलेजची फी गेली, म्हणाल्या. ते ऐकल्यावर या गावात अंड्याला कोणी हात का लावत नाही, हे मला वेगळे विचारावे लागले नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. दोरीच्या अलीकडे सगळे उभे. कार्यकर्त्याने खड्ड्यावरची टोपली उचलली. खाली नुसती वाळू होती. दुसरी उचलली, तीही रिकामी. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, पाच तास गाडी चालवत आलोय. जरा उकरून तरी बघा." तो पोरगा हसला. "ती वर येतील तेव्हा येतील, साहेब. उद्या सकाळी परत बघू." त्याने टोपली पुन्हा झाकली. आंबोलीच्या पोराला जे म्हणता आले नव्हते ते हा म्हणाला, कारण याच्या पाठीशी गाव उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली अकरा पिल्ले होती. वाळूवर सोडल्यावर ती आपली आपण समुद्राकडे निघाली. कोणी उचलून पाण्यात ठेवली नाहीत. नातू दोरीपाशी पालथा पडून पाहत होता. त्यांतली बहुतेक मोठी होणार नाहीत. हजारांत एखादेच वयात येते, असे अभ्यासक मानतात. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे आणले, तिसऱ्यांदा गेले.

तिथेच मला आणखी एक गोष्ट कळली. वाळूतून रात्री वर आलेले पिल्लू जिकडे क्षितिज उजळ असेल तिकडे धावते. मोकळ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. पण किनाऱ्यावर दिव्यांच्या माळा लागल्या की ते उलटे फिरते आणि वाळूतच मरते. म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली, रात्रभर झगमगणारी खोली हीच त्याची वैरीण. आपण ज्या सुखाला सर्वांत जास्त पैसे मोजतो तेच कधी कधी पाहायला आलेल्या जिवाच्या मुळावर येते. दिवे विझवून ठेवणारे आलिशान निवासही असू शकतात. पण ते तसे करतात का, हे आपण विचारले पाहिजे.

वेळास म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी तिथेही गर्दी उसळते आणि कुंपण, टोपल्या हा माणसाने घातलेला हातभारच आहे. पण मार्ग बरोबर आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतही महिला बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. कांदळवन तुटले तर त्यांची होडी बसली. राखणारा आणि कमावणारा एकच असला की हिशेब जुळतो.

बँकेत आम्ही ठेवीदाराला सांगत असू, व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. आंबोलीचे भेक, वेळासची वाळू हे मुद्दल आहे. ते आपण ठेवलेले नाही, तेव्हा मोडण्याचा हक्कही आपला नाही. आपल्या वाट्याला व्याज येते. एखाद्या सकाळी अकरा पिल्ले, एखाद्या संध्याकाळी रिकामी टोपली.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत घराघरात चालू होतील तेव्हा आरक्षणाचे पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. आमच्या पैशातले त्या गावात किती राहते? तिथे आम्हाला 'नाही' म्हणायचा अधिकार कोणाला आहे? आणि काहीच दिसले नाही तर तुम्ही काय कराल?

चिरंजीवांची भेट आम्ही नाकारलेली नाही. त्याने प्रेमाने दिली आहे, आणि खरे सांगायचे तर टॉर्टुगेरो पाहायची मलाही इच्छा आहे. हेच तीन प्रश्न मी त्या कंपनीला लिहून पाठवले. पहिल्या दोहोंची उत्तरे सविस्तर आली. तिसऱ्यावर 'निश्चिंत राहा, दिसतीलच' एवढेच लिहिले होते. मी पुन्हा पत्र घातले आहे. नातू रोज विचारतो, "आलं का उत्तर?" अजून आलेले नाही. तोवर तिकिटे काढायची थांबवली आहेत.